बारा हिवाळ्यांचा निरोप

एक होता राजा. आपल्या इकडचा नव्हे हं. पार लांबच्या थंड मुलखातला, जिथं हिवाळ्यात नदीवरून चालत जाता येतं. शमू, पाय पांघरुणात घे, निनू, तूही घे, मग पुढचं सांगते. हं.

तर हा राजा स्वभावानं चांगला, पण भारी धिमा. त्याच्या घराण्याची एक रीत होती. कुणाला काही द्यायचं कबूल केलं, की ते बारा वर्षांनी द्यायचं. तेही ज्याला कबूल केलं त्याच्याच हातात. घाईनं दिलेलं कच्चं राहतं म्हणे. आपण लोणचं मुरवतो, ते देणं मुरवायचे. लग्नाचा आहेर यायचा तोवर नवरीची पोरं शाळेत जायला लागलेली असायची. पण रीत म्हणजे रीत. बोलणार कोण?

राजवाड्यामागच्या नदीचा काठ मऊ मातीचा होता. त्या काठात भुरी नावाची पाणउंदरीण राहायची. आपल्या घरातल्या उंदरासारखी टोकदार तोंडाची नाही बरं का. तोंड बोथट, कान केसांत बुडालेले, शेपटीवरही लव. तिच्या बिळाला एक दार गवतात आणि एक पाण्याखाली. कुणाची चाहूल लागली की डुबुक! गेली पाण्याच्या दारानं घरात.

एकदा काय झालं, राजा काठावर दहीभात खात बसला होता. त्याची दोन वर्षांची मुलगी दाईचा डोळा चुकवून पाण्याकडे निघाली. तेवढ्यात भुरीनं उडी मारली. डुबुक! मुद्दाम मारली की घाबरून, ते तिलाच ठाऊक. पण आवाजानं राजानं मान वर केली आणि धावत जाऊन पोरीला धरलं. सबंध आयुष्यात तो तेवढा एकदाच धावला.

मग राजा म्हणाला, "भुरे, माग काय हवं ते."

भुरी म्हणाली, "महाराज, तुमची माणसं हा काठ दगडानं बांधायला निघालीत. दगडात आम्ही बीळ कसं करणार? काठ मातीचाच राहू द्या."

"दिला. पण रीतीप्रमाणे बारा वर्षांनी ये. तोवर काम थांबवतो. आली नाहीस तर मात्र दगड येतील." असं म्हणून राजा निघाला. जाता जाता वळून म्हणाला, "जेवलीस का गं?"

"दिवसभर तेच तर करते," भुरी म्हणाली. आणि ते खरंच होतं. पाणउंदरांना रोज जवळजवळ आपल्या वजनाइतकं गवत खावं लागतं.

राजानं सगळं विचारलं, पण पाणउंदीर जगतात किती, हे नाही विचारलं. अगं, बरेचसे पाच-सहा महिने. नशीब चांगलं असेल तर एक हिवाळा काढतात. दुसरा फार थोड्यांना दिसतो. बारा तर कुणालाच नाही. भुरीला हे ठाऊक होतं. ती रडत बसली नाही. तेवढा वेळच नव्हता.

तिच्या बिळात पाच पिल्लं होती. गुलाबी, बिनकेसांची, डोळे मिटलेली. आठवड्यानं त्यांचे डोळे उघडले. महिन्याभरात ती आपापल्या वाटेनं जाणार. मग भुरी त्यांना रोज सांगायची. राजाच्या हातात दहीभात होता. पोरीच्या एकाच पायात वाळा होता. आणि राजा शेवटी म्हणाला, जेवलीस का गं. "दर हिवाळ्याला काठावरच्या वाळुंजाच्या झाडाच्या मुळावर दातानं एक खूण करा. बारा झाल्या की जा."

पहिली खूण भुरीच्या मुलीनं केली. भुरी तोवर नव्हती.

मग मुलीनं तिच्या मुलींना सांगितलं, त्यांनी त्यांच्या मुलींना. तीनदा हा निरोप बुडता बुडता वाचला. एकदा पूर आला. आईनं तोंडात धरून एकच पिल्लू वर नेलं. त्याचं ऐकून झालेलं होतं, म्हणून बरं. मग एकदा मुंगसासारखं पण पोहणारं एक काळं जनावर आलं आणि पाण्याच्या दारानंच आत शिरलं. तेव्हाच्या आईनं पायांनी चिखल उडवला, पाणी गढूळ केलं आणि निसटली. आणि तिसऱ्यांदा काय झालं? टिकली नावाचं एक पिल्लू गोष्ट ऐकता ऐकता झोपून गेलं. शमू, ऐकते आहेस ना?

टिकलीची आई गेली. आता विचारायचं कुणाला? पलीकडच्या मावशीला. पण त्यांच्यात प्रत्येकीचा काठ ठरलेला असतो. हद्दीवर लेंड्या टाकून ठेवतात, आणि हद्द ओलांडली की चावतात. टिकली तरी गेली. मावशी आधी कडकडून चावली. चावून झाल्यावर तिनं सगळा निरोप सांगितला.

बाराव्या खुणेनंतर टिकलीच्या नातीची मुलगी, रुंजी, दरबारात गेली. काठावर दगडांचे ढीग येऊन पडले होते. राजाचे केस पांढरे झाले होते. शेजारी चौदा वर्षांची राजकन्या बसली होती.

राजानं ओळख पटवायला विचारलं, "त्या दिवशी माझ्या हातात काय होतं?"

"दहीभात."

"पोरीच्या पायात?"

"वाळा. एकाच पायात."

"आणि जाताना मी काय म्हणालो?"

"जेवलीस का गं."

"म्हणजे तू भुरीच!"

हो म्हटलं असतं तर काम झालं असतं. पण हो म्हण, असं काही निरोपात नव्हतं. रुंजी म्हणाली, "नाही महाराज. भुरी माझ्या आजीच्या आजीच्याही कितीतरी पलीकडची. मी तर माझी आजीसुद्धा पाहिलेली नाही. आमच्यात आजी सहसा कुणाला मिळत नाही. नुसता तिचा निरोप मिळतो."

प्रधान म्हणाला, "महाराज, रीत मोडते. ज्याला कबूल केलं त्याच्याच हातात द्यायचं."

सगळ्यांना वाटलं, राजा आता विचार करायला बारा वर्षं घेणार. पण राजाला लाज वाटली. तो म्हणाला, "तेव्हाच दिलं असतं तर भुरीनं ते पाहिलं असतं. काठ दिला. आत्ता दिला. दगड उचला."

मग हळूच म्हणाला, "जेवलीस का गं?"

"दिवसभर तेच तर करते," रुंजी म्हणाली.

त्या दिवसापासून त्या राज्यात आहेर लग्नातच मिळू लागला. काठ मातीचाच राहिला. राजा पुष्कळ वर्षं सुखानं जगला. रुंजी एक हिवाळा सुखानं जगली.

संपली गोष्ट. निनू, पोरीच्या किती पायांत वाळा होता? एकाच. शाबास. शमू झोपली वाटतं मध्येच. असू दे, तिला उद्या तू सांग. मीट आता डोळे.