सशिणीच्या अंगणाचं माप

फार पूर्वी एका टेकडीवर तरसाचं राज्य होतं. ज्याच्या अंगणातून पावसाचं पाणी ओढ्यात जाई, त्याने अंगणाच्या मापाने तरसाला कंदमुळं द्यायची, असा नियम होता.

एका वर्षी सशिणीला दुप्पट कर लागला. शेजारचा उघडा खडकही तिचाच धरला होता. एवढं दिलं तर पिल्लं उपाशी राहणार होती.

“गपचूप भरून टाक,” शेजारचं साळिंदर कुजबुजलं. “तरसाला जाब विचारतात का?”

तरी सशीण तरसाच्या गुहेशी गेली. दारातच हाडं पडली होती.

“महाराज, तो खडक माझा नाही. एकदा येऊन मोजा.”

तरस गुरगुरत तिच्या अंगणात आला. सशिणीने डोळे घट्ट मिटले. त्याने पावलांनी अंगण मोजलं.

“अर्धंच दे,” म्हणत तो निघून गेला.

सशीण उरलेली कंदमुळं पिल्लांसाठी वेगळी ठेवू लागली. तेवढ्यात साळिंदर बिळातून डोकावलं.

“ताई, माझंही मोजायला सांगायचंय. सोबत येशील?”