फिल्मवर न दिसलेली नस

"ऐकण्याची नसच नाही, बाई, तर कानात इम्प्लांट बसवून उपयोग काय?"

निरंजनने एमआरआयची फिल्म खिडकीच्या उजेडात धरली होती. बाईंचा हा सगळ्यात हुशार विद्यार्थी, आणि ते त्याला चांगलंच ठाऊक होतं. बाई म्हणजे डॉ. हेमलता बर्वे. निवृत्तीनंतर त्या मिरजेतल्या याच घरात राहतात. मी त्यांच्या हाताखालचा, एक्स-रे विभागात फिल्मा धुणारा जुना डार्करूमवाला. चहा ओतत होतो.

तेव्हा आम्ही ओल्या फिल्मा क्लिपांना टांगायचो. त्या वाळेपर्यंत बाई पलीकडच्या खोलीत तंबोरा घेऊन बसायच्या. औषधाचा तो आंबूस वास आणि तो सूर... अजून आठवलं की गलबलून येतं.

"मुलगी केवढी आहे?" बाईंनी विचारलं.

"दोन वर्षांची. जतहून आणलीय. आतल्या कानाचा शंख अर्धवट, नसेची नळी अरुंद, आणि नस नाही. तसा रिपोर्ट मी दिलाय. उद्या सर्जन आईवडिलांना नकार कळवतील."

"आई काय म्हणते?"

"म्हणते, कुकरची शिटी झाली की कधी कधी वळून बघते." निरंजन हसला. "आयांना वाटतंच हो तसं."



बाईंनी लांबच्या कोपऱ्याकडे बोट केलं. "तो तंबोरा दिसतोय?"

"दिसतोय की. तुमचाच जुना."

"काय काय दिसतंय?"

"भोपळा. दांडी. खुंट्या."

"तारा?"

त्याने डोळे बारीक केले. "इथून नाही दिसत."

"मग लिही, तारा नाहीत."

"थट्टा करताय, बाई."

बाई गुडघ्यांवर हात टेकत उठल्या. सावकाश कोपऱ्यात गेल्या आणि उभ्यानेच वाकून तारांवरून बोट फिरवलं.

सगळी खोली भरून गेली. किती वर्षांनी ऐकत होतो! माझे डोळे भरून आले आणि मी ते पुसलेही नाहीत.

निरंजनचा चेहरा उतरला. त्याने घाईघाईने मोबाइल काढला. "रिपोर्ट थांबवायला सांगतो. तिच्या कानांची तपासणी पुन्हा करू, आवाज ऐकवून बघू, आईलाही आत बोलावू..."

बाईंनी हात वर केला.

"थांब... सूर अजून संपलेला नाही. ऐक."