कोंडाईने फोडलेला घट

तांबडवाडीच्या उतारावर कुंभारांची मातखाण आहे. तिथे कुदळ चालत नाही, माती हातानेच काढायची. ओंजळीबरोबर कधी बोटभर जाडीचा, गुळगुळीत काळा साप वर येतो. तोंड निमुळतं, शेपटी मात्र कुणी तिरकी छाटून वर खरबरीत खापर बसवावं तशी. हा खापरखवल्या. विषारी नाही, चावत नाही, मातीत शिरून गांडुळं खातो. तरी बाहेरचे लोक साप म्हटलं की दगड उचलतात. तसं कुणी केलं, तर म्हातारे धोंडूतात्या त्याला खाणीच्या काठावर बसवतात आणि सांगू लागतात.

फार पूर्वी म्हणे इथल्या एका घरात दोन जावा होत्या. थोरली कोंडाई, धाकटी ठकू. नवरात्रात देवीपुढे गावातलं सगळ्यात सुबक मडकं घट म्हणून बसे, आणि तो मान वर्षानुवर्षे कोंडाईचा. ठकू लग्न होऊन आली आणि मान तिच्याकडे गेला. खाणीतला तिचा कोपरा लोण्यासारखा मऊ होता. हे साप तिथेच राहत, माती भुसभुशीत ठेवत. तेव्हा त्यांची शेपटी इतर सापांसारखीच होती. कोंडाईच्या कोपऱ्यात नुसते खडे.

पाणवठ्यावर बायका ठकूच्या मडक्यावर टिचकी मारून नाद ऐकत, तेव्हा कोंडाई घागर अर्धी भरूनच घरी वळायची.

"अक्का, माझ्याकडची माती न्या की," ठकू म्हणाली.

"म्हणजे माझा घट बसला तरी लोक म्हणतील, माती ठकूची. ठेव तुझ्यापाशीच."

पण नवरात्र जवळ आलं तशी कोंडाई एका पहाटे कुदळ घेऊन ठकूच्या कोपऱ्यात उतरली. साप खाली पळू लागले. घाव त्यांच्या शेपट्यांवर बसले. कोंडाईने ते पाहिलं, आणि तरी टोपली भरली.

त्या मातीचा घट असा उतरला, की तिचा तिलाच हेवा वाटावा. इकडे जखमी साप हलेनात आणि ठकूचा कोपरा दगडासारखा झाला. तिला मूठभर माती निघेना. मान परत येणार होता. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी कोंडाई ठकूचा पडलेला चेहरा बघायला मुद्दाम खाणीवर गेली.

ठकू एकेका सापाच्या शेपटीवर खापराचा तुकडा बसवत होती.

"माझी सगळी मडकी फोडून झाली, अक्का. जखमेवर याच मातीचं खापर धरतं. अजून एवढे राहिलेत." कुदळ कुणी चालवली, ते तिने विचारलं नाही.

कोंडाईला म्हणे त्या क्षणीही हेवाच वाटला. मायेतसुद्धा ही पुढे. ती घरी गेली, घट घेऊन आली आणि ठकूच्या देखत तो दगडावर फोडला. ठकूला सगळं कळलं. ती एवढंच म्हणाली, "बारीक तुकडे करा. पिल्लंही आहेत."

त्या वर्षी देवीपुढे घट बसला नाही. ओल्या मातीचा गोळा बसला, दोघींच्या बोटांचे ठसे असलेला.

आजही तांबडवाडीत घटाखाली तसा गोळा ठेवतात. आजही जावा खाणीत समोरासमोर बसतात आणि पहिली ओंजळ एकमेकींच्या टोपलीत टाकतात. आणि टाकताना, असं धोंडूतात्या सांगतात, दोघीही तिरक्या नजरेने बघतात, ओंजळ कुणाची मोठी.