काकाजींची उन्हाळी

“…आणि नाकाला? नाकाला काय लागलं, काकाजी?”

काकाजींनी रिकामा पेला टेबलावर ठेवला. मिशा पुसल्या.

“चांगली आहे,” ते म्हणाले.

“ते ऐकलं. मी वासाचं विचारतेय.”

“हलकी आहे. घशाला बरं वाटलं.”

सापडले, असं केतकीच्या मनात आलं. शेवटी सापडले.

कारण त्या पेल्यातली बिअर चांगली नव्हती. ती केतकीनंच बिघडवली होती.

नागपूरच्या बाहेर, काटोल रस्त्याला, संत्र्यांच्या बागा संपतात तिथे हरिहर गिरडकरांची, म्हणजे काकाजींची, बिअर गाळायची छोटी ब्रुअरी होती. उमेदीची सगळी वर्षं जर्मनीत, कोलोन शहरात काढून ते परत आले होते, आणि येताना तिथली एक बिअर डोक्यात घेऊन आले होते. रंग सोन्यासारखा. अंगानं हलकी. गोड नाही, फार कडूही नाही, गिळल्यावर मागे जरासा नासपतीचा वास. उंच, बारीक पेल्यातून ती थोडी थोडी प्यायची. विदर्भातल्या मे महिन्यात, जीभ टाळूला चिकटते तेव्हा, तिचा एक घोट म्हणजे अंगावर पाणी शिंपडल्यासारखं. तिचं जर्मन नाव कुणाच्या तोंडात बसेना. लोक तिला काकाजींची उन्हाळी म्हणायचे.

टाकीतली बिअर तयार झाली की काकाजी चाखायचे. ते “जाऊ द्या” म्हणाले की पिंपं शहरात जायची. “राहू द्या” म्हणाले की टाकी तशीच थंडीत पडून राहायची, मग हॉटेलवाले कितीही बोंबलोत.

तो शेवटचा शब्द केतकी ठवकरला हवा होता.

तिला आपल्या नाकाचा अभिमान होता, आणि तो खोटा नव्हता. बंद झाकणाबाहेरून ती सांगायची, आत बिअर आंबवणारं यीस्ट खूश आहे की रुसलंय. चार उन्हाळे ती काकाजींच्या हाताखाली होती. टाक्या धुतल्या, पोती उचलली, रात्रीबेरात्री तापमान पाहिलं. पण चाखायची वेळ आली की काकाजी दरवेळी तेच करायचे. पहिला पेला तिच्याकडे सरकवायचे.

“आधी तू.”

ती प्यायची. ते बघायचे. मग स्वतः प्यायचे, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचे. तिचं मत कधीच विचारत नसत.

ही आपली परीक्षा आहे, असं ती बरेच दिवस समजत होती. मग संशय आला.

झालं असं, की या वर्षी कूलरला वाळ्याच्या ताट्या मिळाल्या नाहीत. तिनं साध्या लाकडी गवताच्या बसवून घेतल्या. त्यांना कसला वास? ओल्या लाकडाचा. काकाजी खुर्चीत टेकले, कूलरचा पहिला झोत तोंडावर घेतला आणि म्हणाले, “वा! वाळा तो वाळाच.”

केतकी तिथेच थबकली.

त्या दिवसापासून ती म्हाताऱ्यावर नजर ठेवून होती. गॅसवर दूध करपलं, काकाजी शेजारी बसून पेपर वाचत राहिले. लिंबाचं लोणचं समजून आंब्याचं वाढून घेतलं, दाताखाली कोय आल्यावर दचकले. प्रत्येक वेळी तिच्या मनातली गाठ आणखी घट्ट होत गेली. ह्या माणसाला वास येत नाही. आणि हाच माणूस आपल्याला शेवटचा शब्द देत नाही.

मग आज सकाळी तिनं पांढऱ्या काचेची एक बाटली भरली आणि गच्चीच्या कठड्यावर उन्हात ठेवली. ऊन लागलं की बिअर नासते. पांढऱ्या काचेत तर फार वेळ लागत नाही. जळक्या रबरासारखा, शिळ्या हिंगासारखा दर्प येतो. पिऊन काही होत नाही, पण ज्याला नाक आहे तो पेला तोंडाजवळ नेणार नाही. मग बाटली बर्फात घालून तिनं ती गार केली, पेल्यात ओतली आणि मोठ्या टाकीतली म्हणून काकाजींसमोर आणली.

“आधी तू,” नेहमीप्रमाणे काकाजी म्हणाले.

याची तिला खात्री होती. तिनं आरशासमोर करूनही पाहिलं होतं. एक घोट घेतला, दर्प नाकात चढला, पण चेहऱ्यावरची रेघ हलू दिली नाही.

“मस्त झालीय,” ती म्हणाली.

आणि काकाजी अख्खा पेला प्यायले.

आता तो रिकामा पेला दोघांच्या मध्ये उभा होता. कोलोनकडची रीत अशी, की पुरे झालं तर खालची पुठ्ठ्याची चकती पेल्यावर ठेवायची. नाही ठेवली तर वाढणारा न विचारता दुसरा आणून ठेवतो.

काकाजींनी चकती ठेवली नाही.

“उन्हात ठेवली होती ती,” केतकी म्हणाली. आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा मोठा आला. “सकाळपासून. कुत्रं तोंड लावणार नाही असा वास मारतेय. आणि तुम्ही म्हणता चांगली आहे.”

काकाजींनी रिकामा पेला बोटांनी जरासा फिरवला.

“तुम्हाला वास येत नाही, काकाजी.”

“…नाही येत.”

ती ओरडाओरडीच्या तयारीनं आली होती. काकाजी नाकारतील, चिडतील, बाहेर हो म्हणतील. हे तिच्या हिशेबात नव्हतं.

“कधीपासून?”

“मोठा ताप आला होता. तू आलीस त्याच्या आधीच्या पावसाळ्यात. ताप गेला, नाक घेऊन गेला. कडू-गोड कळतं. बाकी… काही नाही.”

“मी यायच्या आधीपासून?”

“हो.”

“मग हे चार उन्हाळे? इतक्या टाक्या? जाऊ द्या, राहू द्या म्हणालात, ते कशाच्या जोरावर?”

काकाजींनी तिच्याकडे पाहिलं. तिला एकदम कळलं, की हे नेहमी असंच बघतात. पेल्याकडे नाही.

“तुझ्या तोंडावरून,” ते म्हणाले.

कूलर घरघरत होता.

“चांगली असली की तुझ्या भुवया सैल पडतात. कच्ची असली की जीभ दाताला लागते. बिघडली असेल तर घोट आत जायच्या आधीच तुझा खांदा वर जातो. तुला माहीत नाही. मला कधी धोका झाला नाही.”

केतकीचे कान तापले. आपण इतके दिवस दुसऱ्याच्या घरात आरशासारखे टांगलेले होतो, असं तिला वाटलं.

“म्हणजे नाव तुमचं, आणि नाक माझं.”

“हो.”

“आणि मला सांगावंसं वाटलं नाही?”

“वाटलं. फार वेळा वाटलं.” काकाजींनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला. “कामासाठी तुझ्या आधी बरेच जण येऊन गेले. हुशार होते. पण त्यांचे चेहरे शहाणे होते गं. पेला उचलायच्या आधीच तयार. तू आलीस, घोट घेतलास आणि माझ्यासमोर तोंड वाकडं केलंस. मालकाची बिअर, आणि तोंड वाकडं! मी त्याच दिवशी तुला ठेवून घेतलं. सांगितलं असतं, तर तूही चेहरा सांभाळायला शिकली असतीस.”

ते थांबले.

“…आज शिकलीस.”

केतकीला राग आला होता, तो खराच होता. पण त्याला पाय ठेवायला जागा सापडत नव्हती.

मग तिच्या ध्यानात काहीतरी आलं, आणि तिचा संशय पुन्हा वर आला.

“थांबा. चेहरा तुम्हाला इतका कळतो, तर आजचा कळला नाही?”

“कळला की.”

“काय कळलं?”

“काहीच नव्हतं त्याच्यावर. चांगली असो, वाईट असो, तुझ्या तोंडावर काहीतरी येतंच. आज भिंत होती.”

“मग तुम्हाला समजलं होतं, की यात काहीतरी आहे?”

“काहीतरी आहे, एवढं समजलं.”

“काय आहे ते माहीत नव्हतं. विषसुद्धा असू शकलं असतं!”

“असू शकलं असतं.”

“तरी प्यायलात? का?”

हा काय प्रश्न झाला, अशा नजरेनं काकाजींनी तिच्याकडे पाहिलं.

“तू दिली होतीस.”

…

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. पिंपं न्यायला शहरातून गाडी आली होती. मोठ्या टाकीचा निकाल अजून लागायचा होता. लग्नसराई होती, पारा चढलेला होता, आणि हॉटेलवाल्यांचे फोन सकाळपासून थांबले नव्हते. बिघडलेला माल गेला असता, तर काकाजींचं नाव एका संध्याकाळीत पुसलं गेलं असतं. चांगला माल अडवला असता, तर गिऱ्हाईक दुसरीकडे गेलं असतं.

“जा,” काकाजी म्हणाले. “मोठ्या टाकीतून काढून आण.”

केतकी गेली. नळ उघडला. पेला भरला, पांढरा फेस काठाशी आला. ती परत आली आणि पेला टेबलावर ठेवला. हात लावला नाही.

“मला आता जमणार नाही,” ती म्हणाली. “तुम्ही बघताय हे मला माहीत आहे. आता मी काय करतेय ते मला कळणार नाही. खरं तोंड कोणतं, आणि केलेलं कोणतं…”

काकाजी उठले. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. त्यांनी आपली खुर्ची उचलली, फिरवली, भिंतीकडे तोंड करून ठेवली आणि तिच्यावर बसले.

केतकीला आता त्यांची पाठ दिसत होती. बंडीवर घामाचा डाग. मानेवर पांढरे केस.

“काकाजी, हे काय?”

भिंतीवर कॅलेंडरचा एक खिळा होता, कॅलेंडरही नव्हतं. तिला वाटलं, कुठेतरी आरसा असेल. स्टीलच्या पिंपात आपलं प्रतिबिंब दिसत असेल. तिनं खरोखरच वाकून बघितलं. काही दिसत नव्हतं. म्हातारा नुसती भिंत बघत होता.

तिनं पेला उचलला. वास घेतला. नासपती… आहे. पण त्याच्या खाली? हिरव्या सफरचंदाच्या सालीसारखं काही आहे, की आपल्यालाच भास होतोय? सकाळच्या त्या घाणीनं आपलंच नाक बाटलंय का? तिनं पाण्यानं चूळ भरली. थांबली. पुन्हा वास घेतला. एक घोट घेतला, तोंडात फिरवला, गिळला.

आणि आपली जीभ दाताला लागली, हे तिला पहिल्यांदाच कळलं.

बाहेर हॉर्न पुन्हा वाजला.

“कच्ची आहे,” केतकी म्हणाली. “राहू द्या. अजून थंडीत राहिली पाहिजे.”

काकाजींनी वळून पाहिलं नाही. किती कच्ची, कशावरून, नक्की ना, काही विचारलं नाही. खिशातून फोन काढला, भिंतीकडे बघतच नंबर लावला.

“हो, मीच बोलतोय. उन्हाळी आज नाही येणार… नाही, उद्यापण नाही. ओरडा, चालेल. गाडी रिकामी येतेय.”

त्यांनी फोन ठेवला. गाडीवाला काहीतरी बडबडत दार आपटून निघून गेला. अंगणातली धूळ खाली बसली.

“ती जुनी टाकी आहे ना, गेल्या महिन्यातली,” काकाजी म्हणाले. “उरली असेल थोडी. एक पेला आण.”

तिनं आणला. त्यांच्या खांद्यावरून पुढे धरला. काकाजींनी मागे न बघता घेतला आणि एका दमात निम्मा केला. त्यांच्या गळ्याची घाटी वरखाली होताना तिला दिसली.

“काकाजी, गाडी मी सूड म्हणून परत पाठवली असेल तर? किंवा हा पेला? हाही उन्हातला असेल तर?”

काकाजींनी उरलेली बिअर संपवली. रिकामा पेला खांद्यावरून मागे, तिच्या हातात दिला.

“मे महिना आहे, पोरी,” ते भिंतीला म्हणाले. “तहान काही थांबत नाही. ओत.”