नाकाची सावली, माठाची सावली

चित्रकलेच्या पदवीची शेवटची परीक्षा होती. बाहेरून आलेले परीक्षक धारणकर शाल्मलीने काढलेल्या व्यक्तिचित्रासमोर थांबले.

"नाकाची सावली डावीकडे आणि शेजारच्या माठाची उजवीकडे. एवढंही कळत नाही?" मग ते वाकून बघू लागले. "आणि चेहरा इतका हुबेहूब? हे माणूस समोर बसवून काढलेलंच नाही. फोटोवरून उतरवलंय." त्यांनी कागदावर 'नापास' लिहिलं.

शाल्मली पुढे आली.

"सर, सावलीची चूक माझीच. नाक सकाळी रंगवलं, माठ संध्याकाळी. तोवर ऊन या खिडकीतून त्या खिडकीत गेलं होतं. फोटोत ही चूक कुठून येणार?"

धारणकरांनी दोन्ही सावल्या पुन्हा न्याहाळल्या आणि 'नापास' खोडलं. सावलीचे गुण मात्र कापलेच.