बावन्न किलो

एकदा एक वकीलबाई आपल्या शाळेतल्या जुन्या व्यायामशिक्षकांकडे गेल्या आणि म्हणाल्या, "सर, दोन महिन्यांनी मला तीनशे किलोमीटर सायकल चालवायची आहे. मला तयार करा."

बाईंचे नाव वैजयंती थोरवे. वय त्रेचाळीस. जिल्हा न्यायालयात त्यांची वकिली जोरात होती. सकाळी अशिलांची गर्दी, दिवसभर कोर्ट, संध्याकाळी पुन्हा ऑफिस. जेवण बहुधा फाईल वाचता वाचता. चार वर्षांपूर्वी रक्त तपासले तेव्हा साखर वाढलेली निघाली. घाबरून त्यांनी सायकल घेतली, आणि सायकलीने त्यांना खरोखर सावरले. पहाटे पाच ते साडेसहा, आठवड्यातून सहा दिवस. वजन चौदा किलोंनी उतरले, साखर ताळ्यावर आली. दोनशे किलोमीटरची एक सायकल-मोहीम त्यांनी ठरलेल्या मुदतीत पूर्ण केली तेव्हा वकिलांच्या बार रूममध्ये पेढे वाटले गेले. "तब्येत ठेवावी तर थोरवे मॅडमसारखी," असे ज्येष्ठ वकील तरुणांना सांगू लागले. हळूहळू बाईंनाही ते पटले.

शिक्षक म्हणजे विभूते सर. वय बहात्तर. तरुणपणी सायकलच्या शर्यतींत राज्यभर नाव झालेले, पुढे तीस वर्षे शाळेत पीटी शिकवली. अंगाने काटक, बोलायला कमी. पत्नी गेल्यापासून एकटेच राहत.

सरांनी सगळे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला. "सायकलशिवाय आणखी काय करतेस?"

"वेळ कुठंय सर? दीड तास मिळतो, तो सायकललाच पुरत नाही."

सरांनी एका कागदावर आठवडा लिहून दिला. तीन दिवस सायकल. दोन दिवस वाळूची गोणी जमिनीवरून उचलून चालणे, दांडीला लोंबकळणे, उठाबशा. एक दिवस पोहणे. एक दिवस विश्रांती.

कागद वाचून बाईंचा चेहरा उतरला. "सर, यात सायकल निम्म्यावर आली."

"आली."

"पण मला जायचंय सायकलवर! गोणी घेऊन थोडीच जायचंय?"

"करून तर बघ. मग बोलू."

बाईंनी आठवडाभर केले. वीस किलोंची गोणी गुडघ्यापर्यंत आली आणि तिथेच थांबली. गॅलरीतून नवरा पाहतो आहे हे लक्षात आल्यावर त्यांना फारच ओशाळल्यासारखे झाले. दुसऱ्या आठवड्यापासून त्या पुन्हा सहाही दिवस सायकलवर दिसू लागल्या. सरांनी फोनवर विचारले की म्हणत, "चाललंय सर, रोज चाललंय." वाक्य खोटे नव्हते. अशा वेळी वकिलीचा सराव उपयोगी पडतो.

सरही काही बोलले नाहीत. पाचव्या आठवड्यात मात्र त्यांचा फोन आला. "रविवारी जुन्या घाटात जाणार आहेस ना? मीही येतो."

"तुम्ही? घाट चढणार?"

"हळूहळू चढेन. तू पुढं हो."

जुना घाट गावापासून नऊ किलोमीटरवर आहे. दरीपलीकडे नवा रस्ता झाल्यापासून या वाटेने फारशी वाहने येत नाहीत; वरच्या वाडीची दुधाची गाडी आणि एखाददुसरी मोटरसायकल, एवढेच. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला दगडी कठडा आणि खाली दरी. रविवारी नुकतेच उजाडले होते. बाई पुढे, सर मागे, असे दोघे चढत होते. प्रत्येक वळणावर बाई थांबत आणि सरांचे पांढरे डोके दिसले की पुन्हा पेडल मारत. आपल्या पायांतली ताकद त्यांना त्या सकाळी विशेष जाणवत होती.

माथ्याच्या अलीकडे एक आंधळे वळण आहे. तिथे पोचल्यावर त्यांना मागे काहीतरी आदळल्याचा आवाज आला.

बाईंनी वळून पाहिले. सरांची सायकल आडवी पडली होती. सर रस्त्याच्या मधोमध उताणे पडले होते. डोळे मिटलेले. तोंड किंचित उघडे.

"सर!"

सायकल तशीच टाकून बाई धावल्या. त्यांनी सरांच्या नाकाशी बोटे धरली. श्वास चालू होता. "सर, ऐकू येतंय का? अहो सर!" उत्तर नाही. फोन काढला; रेंज नव्हती. आणि तेवढ्यात कुठूनतरी वरून अवजड गाडीचा घरघराट ऐकू आला. गिअर बदलल्याचा आवाज आला. गाडी उतरत होती.

वळण आंधळे होते. चालकाला सर दिसतील तेव्हा उशीर झालेला असेल. कडेला न्यायचे म्हणजे चार पावले. त्यांनी सरांच्या काखेत हात घातले आणि जोर लावला. सरांचे खांदे वीतभर उचलले गेले आणि निसटले. पुन्हा जोर लावला. बोटे आपोआप सुटली. तिसऱ्यांदा ओढताना कमरेत खालच्या बाजूला काहीतरी लचकले आणि त्यांच्या तोंडून किंकाळी निघाली. दोनशे किलोमीटर न थकलेले पाय नुसते थरथरत उभे होते. एक सडपातळ म्हातारा माणूस त्यांच्याने तसूभरही हलला नव्हता.

घरघर वाढत होती.

मग बाईंना काय वाटले कोण जाणे. त्या सरांना तिथेच सोडून वर धावल्या, वळणाच्या तोंडाशी रस्त्यात मध्येच बसल्या आणि दोन्ही हात वर करून ओरडू लागल्या. "थांबा! थांबा हो! माणूस पडलाय!"

गाडी आली नाही. घरघर हळूहळू दूर गेली आणि विरून गेली. बाई हात वर करून तशाच बसून राहिल्या.

"बस झालं पोरी. ऊठ आता."

आवाज मागून आला. बाईंनी मान वळवली. सर उठून बसले होते आणि कोपराची माती झटकत होते.

बाई एकदम कडाडल्या. "सर, तुम्ही काय केलंत, कळतंय का तुम्हाला? मला वाटलं तुम्ही गेलात! मी... मी मरायला बसले होते इथं!" आणि त्यांना रडू कोसळले.

"तेवढं मला वाटलं नव्हतं," सर हळूच म्हणाले. "तू अशी आडवी येशील हे मी धरलं नव्हतं. त्याबद्दल मला माफ कर. दुधाची गाडी साडेसातला येते, आत्ता साडेसहाच झालेत. आवाज पलीकडच्या नव्या रस्त्यावरचा होता."

"हे काय शिकवणं झालं? मी आता तुमच्या वर्गातली मुलगी आहे का?"

"नाहीस. वर्गातली असतीस तर कागदावर लिहिलेलं केलं असतंस. गोणी सोडलीस ना? सकाळी तुझे हात बघितले मी, एक घट्टा पडलेला नाही."

बाईंनी हात पाठीमागे घेतले.

"माझं वजन बावन्न किलो आहे," सर म्हणाले. "घरातलं कुणीही माझ्यापेक्षा जडच असेल तुझं."

दोघे कठड्यावर बसले. सर दरीकडे पाहत म्हणाले, "मी तेहतीस वर्षांचा होतो. राज्याची शर्यत जिंकून महिनासुद्धा झाला नव्हता. आमच्या न्हाणीघरात कोळशाचा बंब होता. थंडी होती, म्हणून हिनं खिडकी घट्ट लावून घेतलेली. बराच वेळ बाहेर येईना. मी दार ढकललं, तर ही खाली पडलेली आणि सगळा धूर कोंडलेला. जागा एवढीशी, उंबरा उंच. मी वाकून तिला उचलायला गेलो आणि माझी कमर धरली. पुन्हा गेलो, तर मीच बसलो खाली. राज्यातला पहिला नंबर होता माझा. स्वतःची बायको मला उंबऱ्याबाहेर काढता आली नाही."

"मग?"

"ओरडलो. शेजारी द्वारकाबाई राहायच्या, वीटभट्टीवर काम करायच्या. आत आल्या, हिला खांद्यावर घेतलं आणि अंगणात नेऊन ठेवलं. मग मला ओढून काढलं. माझ्या खांद्याएवढी उंची त्यांची."

"पण काकू वाचल्या ना?"

"वाचली. पुढं सव्वीस वर्षं जगली. पण धूर डोक्यात गेला होता. सकाळचं दुपारी आठवायचं नाही. चार वर्षांचा मुलगा समोर उभा असायचा आणि तिला त्याचं नाव सापडायचं नाही. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी बाहेर काढलं असतं तर..."

काकूंना बाईंनी पाहिले होते. शाळेत असताना मुली सरांच्या घरी कवायतीची निशाणे आणायला जात. काकू दारात येत आणि दर वेळी विचारत, "तू कुणाची गं?" कालच सांगितलेले असे, तरी विचारत. मुली रस्त्यावर येईपर्यंत हसू दाबून धरत आणि मग खो खो हसत. बाईही हसल्या होत्या.

"सर," त्या कशाबशा म्हणाल्या, "आम्ही काकूंना हसायचो."

"माहीत आहे मला," सर म्हणाले. "लहान होतात."

मग तेच पुढे बोलले. "सायकल सोड असं मी म्हणणार नाही. तिनं तुझं हृदय सुधारलं, तुझा आजार मागं हटवला. पण बघ, दिवसभर तू खुर्चीत बसतेस आणि पहाटे उठून सायकलच्या सीटवर बसतेस. पाठ वाकलेली ती वाकलेलीच. देहाला एकच काम दिलं की तो ते उत्तम करतो आणि बाकीची विसरतो. उचलणं, ओढणं, लोंबकळणं, वाकून सरळ होणं, हे सगळं त्याला अधूनमधून विचारत राहावं लागतं. वेळ थोडा आहे म्हणून एकाच व्यायामाला देतेस. अगं, वेळ थोडा आहे म्हणूनच तो वाटून द्यायचा. व्यायाम आपण शर्यतीसाठी करतो असं आपल्याला वाटतं. वेळ येते ती भलत्याच दिवशी, आणि ती सायकलवर बसलेली नसते."

दोघे सायकली हातात धरून घाट उतरले. बाईंची कमर दुखत होती, त्यामुळे सावकाश चालावे लागले. वाटेत दुधाची गाडी भेटली. चालकाने सरांना हात केला.

घरी नवरा चहा गाळत होता. बाई दारातच थांबल्या आणि म्हणाल्या, "तुझं वजन किती आहे रे?"

"सत्त्याहत्तर. का गं?"

त्या त्याच्याकडे नुसत्या पाहत उभ्या राहिल्या, इतका वेळ की त्याने गाळणी खाली ठेवली आणि विचारले, "काय झालं? कुणी पडलं का?"

त्या वर्षी बाई तीनशे किलोमीटरच्या मोहिमेला गेल्या नाहीत. आधी कमर बरी होऊ दिली. मग कागदावरचा आठवडा जसाच्या तसा पाळला. कोर्टाच्या तारखा आल्या की तास कमी केले, पण कोणताही वार वगळला नाही. पुढच्या वर्षी त्या गेल्या आणि वेळ संपायला वीस मिनिटे असताना पोचल्या. या खेपेला पेढे वाटू नका, असे त्यांनी आधीच सांगून ठेवले होते.

वाचकांनी आज जेवायला बसताना एवढेच करावे: आपल्या घरात सर्वांत जड कोण आहे, तिकडे एकदा नीट पाहून घ्यावे.