पाणी लांब आहे

फार पूर्वी एका खाडीच्या तोंडाशी कालवफोड्या पक्ष्यांचा थवा राहायचा. अंग काळं-पांढरं, चोच लांब आणि लाल. ओहोटी लागली की ते खडकांवरची कालवं फोडून खायचे.

त्यांची एक रीत होती. एकाने फोडायचं, दुसऱ्याने समुद्राकडे बघायचं. फोडणारा खाली मानेने विचारायचा, "पाणी?" बघणारा म्हणायचा, "लांब!" मगच पुढची चोच मारायची.

या थव्यात दोन भाऊ होते. थोरला शांत, धाकटा उतावळा. थोरला कालव फोडायचा आणि आतला मऊ घास आधी धाकट्याला द्यायचा.

"दादा, मी कधी फोडणार?"

"मान वर ठेवायला शिकलास की. चोच काय, कुणीही मारतं."

एके दिवशी थोरल्याचा डोळा लागला होता. धाकटा एकटाच खडकावर गेला. एक मोठं कालव तोंड उघडून बसलं होतं. याने मागचापुढचा विचार न करता चोच खुपसली. कालवाने झटकन तोंड मिटलं. चोच अडकली. भरती चढू लागली. ओरडावं तर तोंड बंद.

थोरल्याला जाग आली तेव्हा लांबून फडफड दिसली. तो तसाच उडत आला.

"हलू नको रे, येड्या!"

तो कालवाच्या सांध्यावर चोच मारत सुटला. पाणी पायांना लागलं, मग पोटाला. त्याने एकदाही "पाणी?" विचारलं नाही. कालव फुटलं, धाकटा सुटला आणि त्याच क्षणी मोठ्या लाटेने थोरल्याला खडकावर आपटलं.

धाकट्याने त्याला ओढत वाळूवर आणलं. थोरल्याने एक डोळा उघडला.

"सुटलास ना?"

"सुटलो, दादा."

"मग झालं तर."

एवढं बोलून तो गेला.

तीन दिवस धाकट्याने काही खाल्लं नाही. चौथ्या दिवशी त्याचं डोकं फिरलं. "त्या खडकावर एक कालव ठेवणार नाही!" असं म्हणत तो गेला आणि दिसेल त्या कालवावर चोच आपटू लागला. आपटता आपटता, रोज दादाकडून ऐकलेलं तोंडून निघालं, "पाणी?"

कुणी बोललं नाही.

म्हणून त्याने स्वतःच मान वर केली. लाट अगदी अंगावर आली होती. तो उडाला.

वाळूवर उतरल्यावर त्याला कळलं, आज दादाने आपल्याला पुन्हा वाचवलं. तो पोटभर रडला. मग त्याने एक शिंपला उकरला, उघडला आणि आतला घास खाल्ला.

"दादा, जेवलो रे," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी एक म्हातारी कालवफोडी खडकावर एकटीच खटपट करत होती. तिच्यासाठी समुद्राकडे बघणारं कुणी उरलं नव्हतं. धाकटा तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

"तू होय रे, उतावळ्या? मध्येच पळशील!"

"नाही पळत, आजी."

म्हातारीने मान खाली घातली. थोड्या वेळाने विचारलं, "पाणी?"

धाकट्याने समुद्राकडे नीट पाहिलं.

"लांब आहे, आजी. तू फोड निवांत."

तात्पर्य: ज्याने आपला जीव वाचवला, त्याचे उपकार नुसत्या शब्दांनी फिटत नाहीत. तो जीव सांभाळावा आणि वाचवणाऱ्याने आपली जशी काळजी घेतली, तशी दुसऱ्या कुणाची घ्यावी.